पिठाचे पाखरू



उपवासकाळ अर्ध्यावर आला की घरोघरी पास्काच्या सणाच्या जेवणाचे बेत हळूहळू सुरू होतात. कोणाकडे मटण आणि फुगे, कोणाकडे वडे, कोणाकडे बेकरीतून मागवलेला केक. आणि दर वर्षी काही घरांत एक प्रश्नही दबक्या पावलांनी येतो : 'यंदा जमेल का? नाही जमले तर पाहुण्यांपुढे काय ठेवायचे? लोक काय म्हणतील?' हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. जे द्यायचे मनात आहे ते हाती नसेल, तर त्याच्या जागी दुसरे काही दिलेले चालते का, आणि देवाला ते चालते का, असा तो मुळात धर्माचा आणि नीतीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला फार दूरच्या देशातील एका स्वयंपाकघराची आठवण होते. तिथे उपवासकाळात पिठाची पाखरे भाजतात. आज त्या पाखरांविषयी बोलू या.

आकार कशासाठी?

सुरुवात आपल्याच घरापासून करू. नाताळ जवळ आला की कुलकुल वळायला बसतात. काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर पिठाची गोळी दाबून वळवली की शिंपल्यासारखा आकार येतो. त्याच पिठाचे चौकोनी तुकडे पाडून तळले असते तरी चव तीच लागली असती आणि वेळही निम्मा लागला असता. तरीही आजी, सुना, नातवंडे परात मध्ये ठेवून रात्री उशिरापर्यंत वळत बसतात. क्षणभरात तोंडात जाणाऱ्या वस्तूला एवढे रूप कशासाठी?

जगभरच्या ख्रिस्ती घरांत हे रूप देण्याची हौस दिसते आणि पुष्कळदा ते रूप प्राण्यांचे असते. स्वीडनमध्ये 13 डिसेंबरला, संत लुसियाच्या सणाला, केशर घातलेले पिवळेधमक गोड पाव करतात. पिठाची दोरी वळून तिची दोन्ही टोके उलटसुलट दिशांनी गुंडाळायची आणि प्रत्येक वेटोळ्यात एक मनुका बसवायची. या पावांना तिकडे 'लुसियाची मांजरे' म्हणतात. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात पास्काच्या सकाळी बसलेल्या कोकराच्या आकाराचा केक न्याहारीला असतो. सूफ्लेनहाइम गावचे कुंभार त्यासाठी दोन भागांचा मातीचा साचा करतात. भाजून झाल्यावर कोकरावर पिठीसाखर भुरभुरवायची की झाली त्याची पांढरी लोकर! या केकला अंडी भरपूर लागतात. त्याचे कारणही गमतीचे आहे. जुन्या काळी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, पण कोंबड्या काही उपवास पाळत नसत. घरात साठलेली अंडी सणाच्या दिवशी अशी कामी येत.

मात्र मांजर आणि कोकरू यांच्यापेक्षाही आमचे मन रमते ते रशियातील चंडोलांत.

चाळीस पाखरे

रशियात आणि आसपासच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत 22 मार्चला, म्हणजे त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे 9 मार्चला, पिठाचे चंडोल भाजायची रीत आहे. हा दिवस बहुधा त्यांच्या उपवासकाळातच येतो आणि त्यांचा उपवास कडक असतो. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडी नाहीत. म्हणून पीठ मळायचे ते पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडा गोडवा घालून. या दिवसापुरती तेलाची तेवढी सूट असते. पीठ फुगले की त्याची वीतभर लांबीची दोरी वळायची आणि तिची एक सैल गाठ मारायची. गाठीतून वर आलेले टोक चिमटीत धरून चोच काढायची, दुसरे टोक चपटे करून सुरीने चिरा पाडायच्या की झाली शेपटी. दोन मनुकांचे डोळे बसवायचे. वरून चमक यावी म्हणून एरवी अंडे लावतात, ते उपवासाला चालत नाही, म्हणून गोड चहाचा हात फिरवायचा. भट्टीतून बाहेर येतात ती तांबूस, टणक पाठीची, आत मऊ असलेली पाखरे!

गावाकडे मुले ही पाखरे घेऊन टेकडीवर नाहीतर छपरावर जात, काठीच्या टोकाला लावून उंच धरत आणि वसंताला हाका मारत. खरे चंडोल दक्षिणेकडून परततात ते याच सुमारास. बाहेर अजून बर्फ असतो, शेत उघडे पडलेले नसते, कोठारातले धान्य तळाला गेलेले असते. अशा वेळी आईने मूठभर पिठातून पाखरू काढून मुलाच्या हातात द्यावे आणि म्हणावे, 'जा, वसंताला बोलावून आण!' पुष्कळ घरांत ही पाखरे मोजून चाळीस करीत. चाळीसच का, याच्यामागे एक कथा आहे आणि आपल्या प्रश्नाशी तिचा जवळचा संबंध आहे.

सन 320 मधील ही घटना. सेबास्त हे शहर आजच्या तुर्कस्तानात आहे, त्याचे आताचे नाव सिवास. तेथे रोमन सैन्यातील चाळीस ख्रिस्ती सैनिकांनी आपला विश्वास सोडायला नकार दिला. सम्राट लिसिनियसच्या राजवटीत त्यांना कडाक्याच्या थंडीत, रात्रीच्या वेळी, गोठलेल्या तळ्यावर उघडे उभे करण्यात आले. काठावर गरम पाण्याचे स्नानगृह तयार ठेवले होते. ज्याला विश्वास नाकारायचा असेल त्याने तेवढी चार पावले चालून तिथे जायचे होते. परंपरेने सांगितले जाते की त्यांच्यापैकी एकाचा धीर सुटला, तो स्नानगृहाकडे धावला आणि उंबरठ्यावरच मरण पावला. तेव्हा पहाऱ्यावरच्या एका शिपायाने अंगावरचे कपडे उतरवले, 'मीही ख्रिस्ती आहे' असे सांगितले आणि तळ्यावर जाऊन त्या रिकाम्या जागी उभा राहिला. चाळीस ते चाळीसच राहिले. चौथ्या शतकातील संत बासिल महान यांनी या रक्तसाक्ष्यांवर दिलेले प्रवचन आजही उपलब्ध आहे. आपल्या रोमन पंचांगातही 1969 पर्यंत त्यांचा सण 10 मार्चला होता.

या कथेत जागा बदलल्याच्या दोन गोष्टी घडतात. एकाने बर्फाच्या जागी गरम पाणी पसंत केले. दुसऱ्याने दुसऱ्याच्या जागी स्वतःला उभे केले. दोघांनीही एकाच्या ठिकाणी दुसरे ठेवले, पण एकाने त्यात स्वतःला वाचवले आणि दुसऱ्याने स्वतःला दिले. हा फरक आपण मनात धरून पुढे जाऊ या.

पाकळी की ताक?

आपल्या मराठी भाषेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच करून ठेवला आहे. आपल्याकडे दोन बोल आहेत. पहिला, 'फूल ना फुलाची पाकळी'. आहेर करताना, देणगी देताना, आजारी माणसाला चार केळी नेताना आपण हे म्हणतो आणि घेणाऱ्याला त्याने आनंदच होतो. दुसरा बोल, 'दुधाची तहान ताकावर भागवणे'. तो उच्चारताना मात्र सुस्कारा निघतो. दोन्हीकडे मोठ्याच्या जागी लहान आले आहे. मग पाकळी गोड का लागते आणि ताक आंबट का?

महाभारतात अश्वत्थाम्याला दूध म्हणून पिठाचे पाणी पाजल्याची कथा आपण शाळेत ऐकली आहे. रशियातल्या आईनेही पीठच घेतले आणि त्याचे पाखरू केले. पीठ दोन्हीकडे आहे, दारिद्र्यही दोन्हीकडे आहे. तरी एका गोष्टीने मन कळवळते आणि दुसरीने उजळते. असे का?

प्राण्याच्या जागी पिठाचा प्राणी ही गोष्ट ख्रिस्ती धर्मापेक्षाही जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इजिप्तविषयी लिहून गेला. तिथे पौर्णिमेच्या एका सणाला डुकराचा बळी देत. ज्यांची तेवढी ऐपत नसे ते पिठाचे डुक्कर घडवत, भाजत आणि तेच अर्पण करत, असे त्याने नोंदवले आहे. आपल्या शेजारी हिंदू बांधवांकडे पोळ्याला ज्यांच्या गोठ्यात बैल नाही त्यांच्या घरी मातीचे बैल पूजले जातात. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून दिले जाते आणि घेणारा ते कपाळाला लावतो. कोणीही त्याला 'हे सोने खोटे आहे' असे म्हणत नाही. गरिबालाही सण असतो आणि त्याला रिकाम्या हाताने यावे लागू नये, ही माणसाच्या मनातील फार जुनी कळकळ आहे.

पवित्र शास्त्राने तर ही कळकळ कायद्यातच लिहून ठेवली आहे. लेवीय पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी जाऊन अवश्य वाचा. पापाबद्दल अर्पण करायचे ते कळपातील कोकराचे किंवा करडाचे. पण ज्याला ते परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले आणावीत. आणि ज्याला तेही परवडत नाही त्याने एफाच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे साधारण दोन लिटरच्या मापाइतके, सपीठ आणावे. त्यावर तेल घालायचे नाही, धूप ठेवायचा नाही. नुसते पीठ! कोकरू, पाखरे, पीठ अशी ही उतरती पायरी आहे. परंतु या तीन पायऱ्यांच्या शेवटी लिहिलेले फळ एकच आहे : त्या माणसाचे प्रायश्चित्त होते. पीठ आणणाऱ्याला अर्धी क्षमा आणि कोकरू आणणाऱ्याला पूर्ण, असे तिथे नाही. आपल्या प्रभूला मंदिरात अर्पण केले तेव्हा मरियामाता आणि योसेफ कोणत्या पायरीवर उभे होते, हे संत लूकने आपल्याला सांगितले आहे. ते पाखरांच्या पायरीवर होते.

म्हणजे पिठाचे पाखरू गौण नाही. पण इथे एक धोका आहे आणि तो सांगितला नाही तर आमचे बोलणे अर्धवट राहील.

'भाव तेथे देव' आणि पळवाट

पिठानेही तीच क्षमा मिळते हे ऐकून कळपवाला म्हणेल, 'मग मी तरी कोकरू कशाला आणू? देवाला भाव पुरे!' 'भाव तेथे देव' हे वचन खरे आहे, पण ते ज्याच्या तोंडी शोभते त्याच्याच तोंडी शोभते. मलाखी संदेष्ट्याच्या काळी लोक आंधळी, लंगडी, आजारी जनावरे देवापुढे आणत. संदेष्टा त्यांना विचारतो, हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या पाहू, तो तुमच्यावर प्रसन्न होईल का? ज्याच्या कळपात धडधाकट नर आहे, ज्याने तो द्यायचा नवस केला आहे आणि तरी जो खोड असलेले जनावर पुढे करतो, त्याला संदेष्टा ठक म्हणतो. दोष जनावराच्या लंगडेपणात नव्हता. घरी चांगले होते, हा दोष होता.

प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांची कथा आहे. त्यांनी जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि उरलेले प्रेषितांच्या पायांशी ठेवून सगळे आणल्याचा आव आणला. संत पेत्राने त्यांना काय म्हटले ते पाहा. जमीन तुमची होती, विकल्यावर पैसेही तुमचेच होते. कमी दिले म्हणून त्याने त्यांना बोल लावला नाही, खोटे बोललात म्हणून लावला. उलट, मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेने काहीच मोठे असल्याचा आव आणला नाही आणि प्रभूने तिचे दान सर्वांहून अधिक मोजले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची चार कारणे पाठ करावी लागतात. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर चार प्रश्न विचारायचे. ती कशाची आहे? हे उपादान कारण. तिचे रूप काय? हे आकारिक कारण. कोणी घडवली? हे निमित्त कारण. आणि कशासाठी, कोणासाठी? हे अंतिम कारण. आपल्या चंडोलाला हेच विचारू. उपादान म्हणजे पीठ, आणि ते गरीब आहे. आकार पाखराचा, आणि तो उसना आहे. निमित्त म्हणजे आईचे हात. अंतिम कारण म्हणजे सण, रक्तसाक्ष्यांचे स्मरण आणि वसंताची वाट पाहणारे ते पोर. ॲरिस्टॉटल म्हणतो की वस्तूचा अर्थ लागतो तो विशेषतः या शेवटच्या कारणामुळे. पाकळी आणि ताक यांतला फरक पिठात नाही, आकारातही नाही. तो या शेवटच्या प्रश्नात आहे : हे कोणासाठी?

अश्वत्थाम्याच्या पेल्याकडे आता पुन्हा पाहू. तिथे पीठ दूध असल्याचे सांगितले गेले आणि मुलाने ते खरे मानले. पाखराच्या बाबतीत कोणी फसत नाही. मुलाला ठाऊक असते की हा पाव आहे. म्हणून तर तो आधी त्याला उडवतो आणि मग खातो! आईने 'हा खरा चंडोल आहे' असे सांगितलेले नसते. 'खरे चंडोल येत आहेत, तोवर हा घे' असे ती सांगते. खोटी बदली खऱ्याची आठवण पुसते आणि खरी बदली ती जागी ठेवते.

आपल्या धर्मग्रामात

आता हे आपल्या दारात आणू या. आपल्यातील कितीतरी मुलेमुली आखातात, परदेशात, बोटीवर कामाला आहेत. सणाला रजा मिळत नाही. पास्काच्या रात्री रुग्णालयात ड्यूटी असलेली नर्स पहाटे आईला व्हिडिओ कॉल करते आणि मोबाईल जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला जातो. ते पिठाचे पाखरू आहे, आणि ते देवाला प्रिय आहे. पण त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे राहणारा मुलगा सणाच्या दिवशी आईला फोनवरच शुभेच्छा देतो आणि मोबाईलवरून पैसे पाठवून मोकळा होतो, तेव्हा ते काठावरचे गरम पाणी आहे. फोन तोच, शब्द तेच. फरक एवढाच की त्याच्या घरी कोकरू होते.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि चर्चची दारे बंद झाली. 27 मार्चच्या संध्याकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस भर पावसात संत पेत्राच्या रिकाम्या चौकात एकटे चालत गेले आणि त्यांनी साऱ्या जगाला आशीर्वाद दिला, ते आपण घरी बसून पडद्यावर पाहिले. महिनोन्महिने आपण टीव्हीपुढे, मोबाईलपुढे गुडघे टेकून मिस्सा ऐकली आणि मनोमन ख्रिस्तप्रसाद घेतला. ती पळवाट नव्हती. कोकरू आणि पाखरे दोन्ही हिरावली गेली होती, तेव्हा आपण पीठ आणले. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना जिना उतरता येत नाही, त्यांच्यासाठी आजही ते तितकेच खरे अर्पण आहे. आमच्या आजारी आजीआजोबांनी मनाला बिलकुल लावून घेऊ नये. पण चर्चची दारे पुन्हा उघडून वर्षे लोटली आणि पाय धडधाकट असूनही कोणी रविवारी चहाचा कप हातात घेऊन पडद्यावरच मिस्सा पाहत असेल, तर त्याने स्वतःला शांतपणे विचारावे : आपण तळ्यावर आहोत की स्नानगृहात?

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्हांला अधिक टोचते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, लग्नाला, सणाला ऐपत नसताना कर्ज काढून पंगती घालणारी कुटुंबे आपल्यात आहेत. जेवण एका दुपारचे आणि हप्ते दोन वर्षांचे! आणि ज्यांना कर्जही मिळत नाही, ती कुटुंबे सणाला दार लोटून घरात बसतात, नव्या कपड्यांवाचून मिस्सेला कसे यायचे म्हणून मागच्या मागे राहतात. कोकरू असेल तरच या, असे त्यांना कोणी सांगितले? शास्त्राने तर सांगितलेले नाही. मग ते आपण सांगतो, आपल्या नजरेने आणि आपल्या कुजबुजीने. 'यांच्याकडे यंदा काहीच नव्हते हो' हे एक वाक्य गरिबाच्या हातातले पीठ मातीत मिसळते. पिठाचे पाखरू आणणाऱ्याने लाजू नये, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्याला लाज वाटेल असे आपण वागू नये. हे दुसरे अधिक कठीण आहे.

कोणी विचारील, हाताने करायलाही वेळ लागतो. दिवसभर वाडीत, कारखान्यात, दुसऱ्याच्या घरी राबून आलेल्या आईने पुन्हा रात्री पाखरे वळत बसायचे का? प्रश्न रास्त आहे. इटलीत पास्काला कबुतराच्या आकाराचा 'कोलोंबा' नावाचा पाव असतो. त्याचा आजचा प्रकार 1930 च्या दशकात मिलानच्या मोत्ता कंपनीने बाजारात आणला. नाताळच्या पानेत्तोने केकचीच यंत्रे आणि तशाच प्रकारचे पीठ पास्कासाठीही कामी यावे, ही जाहिरात विभागाच्या दिनो विल्लानी यांची कल्पना. पुढे त्याला सहाव्या शतकातील राजा आल्बोइन आणि पाविया शहर यांची दंतकथाही जोडली गेली. कबूतर कारखान्यातून आले म्हणून ते खोटे झाले का? आम्हांला तसे वाटत नाही. थकलेल्या बापाने ते विकत घेतले, सगळ्यांना टेबलाभोवती बसवले आणि प्रार्थना करून मोडले, तर त्याचे अंतिम कारण शुद्ध आहे. विकतचे आणले म्हणून कोणी उणे होत नाही. पण ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने वेळही द्यावा. आकार देणे म्हणजे पिठात आपला वेळ घालणे. कुलकुल वळण्याचे उत्तर हेच आहे : चव वाढावी म्हणून आपण ते वळत नाही, खाणाऱ्याची आठवण काढत आपण प्रत्येक गोळी हातात धरतो.

वेदीवरची भाकर

शेवटी आपल्याला वेदीकडे यायचे आहे, कारण पीठ, पाखरू आणि कोकरू यांची वाट तिथेच पोहोचते. इथे मात्र एक घोटाळा टाळला पाहिजे. वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद हा पिठाच्या पाखरासारखा आहे का? ख्रिस्ताची आठवण करून देणारे नुसते चिन्ह आहे का? ख्रिस्तसभा ठामपणे सांगते : नाही. संत थॉमस अक्विनास यांनी वस्तूचे मूळ सत्त्व आणि तिचे बाहेरचे गुण यांत भेद केला. पाखराच्या बाबतीत बाहेरचे रूप बदलते, पाव पाखरासारखा दिसतो, पण आतले सत्त्व पावाचेच राहते. वेदीवर याच्या नेमके उलट घडते. रूप, रंग, चव भाकरीचीच राहते आणि सत्त्व ख्रिस्ताचे होते. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने हीच शिकवण पुन्हा स्पष्ट केली. आई पिठाला पाखराचे रूप देऊ शकते, पण जीव देऊ शकत नाही. प्रभू भाकरीचे रूप तसेच राहू देतो आणि स्वतःला देतो.

आणि पाहा, लेवीय पुस्तकातील ती पायरी इथे कशी उलटते! तिथे माणूस कोकरापासून उतरत पिठापर्यंत येत होता. इथे देवाचे कोकरू स्वतःच उतरून पिठापर्यंत आले आहे, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसालाही ते हाती घेता यावे. सेबास्तच्या तळ्यावर एका शिपायाने एका माणसाची जागा घेतली. कालवारीच्या टेकडीवर प्रभूने आपल्या सर्वांची जागा घेतली. खरी बदली म्हणजे काय, हे आपण त्या क्रुसाकडे पाहून शिकतो.

म्हणून या उपवासकाळात देवाला किंवा शेजाऱ्याला काही देताना प्रत्येकाने मनाला तीन साधे प्रश्न विचारावेत. याहून चांगले माझ्या घरी आहे का? जे देतो आहे ते जसे आहे तसेच सांगून देतो आहे का? आणि हे मी त्याच्यासाठी करतो आहे की स्वतःची सुटका करून घेण्यासाठी? या तिन्हींची उत्तरे नीट आली तर मूठभर पीठ पुरे. ती नीट आली नाहीत तर अख्खा कळपही अपुरा.

जमले तर एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन थोडे पीठ मळा. दोरी वळा, गाठ मारा, चोच काढा. लोणी नको, अंडे नको, उपवासाला साजेसे असू द्या. घरी ओव्हन नसेल तर पूर्वी नाताळचा केक बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत, तसे ताट घेऊन जा. मुलाचे पाखरू वेडेवाकडे होईल, एक डोळा निसटेल. होऊ द्या. एक स्वतःच्या घरी ठेवा आणि एक अशा घरी न्या जिथे यंदा सणाला दार लोटलेले असेल. तिथे गेल्यावर भाषण करू नका. दार वाजवा, आत बसा आणि पाखरू दोघांत मोडून खा.

प्रभू आपणा सर्वांच्या घरांना आणि हातांना आशीर्वाद देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू